दोन पंखांची गांधीलमाशी

"ताई, गॅलरीत गांधीलमाशी शिरलीय. मी हाकलते, मग या," मावशी केरसुणी हातात धरूनच म्हणाल्या. श्रावण सुरू झाला होता. ओल्या कचऱ्याच्या बादलीच्या कडेवर एक काळी, लांबट माशी अगदी शांत बसली होती. बोटाच्या पेराहून जराशी लहान. मावशींना थांबवलं, पोहे खायची काचेची वाटी हळूच तिच्यावर पालथी घातली आणि भिंग आणलं.

कंबर बारीक दिसत होती खरी, पण तो भास होता. पोटाच्या सुरुवातीला काचेसारख्या पारदर्शक दोन खिडक्या होत्या. त्यांतून उजेड आरपार जायचा आणि तेवढा भाग जणू नसायचाच. पायांची टोकं पांढरी, मोजे घातल्यासारखी. पंख मात्र दोनच. गांधीलमाशीला चार असतात. हिच्या मागच्या पंखांच्या जागी टोकाला गाठ असलेल्या दोन इवल्या दांड्या होत्या, उडताना तोल सांभाळणाऱ्या. म्हणजे ही खरीखुरी माशीच, रूप तेवढं गांधीलमाशीचं. नांगी नाही, चावणंही नाही.

तिचं नाव ब्लॅक सोल्जर फ्लाय. लिनियसने १७५८ मध्येच तिची नोंद केली होती. मूळची अमेरिका खंडातली, आता उष्ण हवेच्या बहुतेक देशांत पोचलेली.

वाटी उचलली. ती उडून परत बादलीपाशीच आली आणि झाकणाच्या खाचेत पोटाचं टोक खुपसून बसली. कचऱ्यात ती अंडी घालत नाही. कचऱ्याच्या जवळची कोरडी फट शोधते. तिथे एका खेपेला पाचेकशे अंडी, खसखशीएवढी, एकमेकांना चिकटलेली. चारेक दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि आपल्या आपण खाली उतरतात.

मागच्या वर्षी याच चपट्या, करड्या अळ्या पाहून मी त्यांच्यावर उकळतं पाणी ओतलं होतं. अजून वाईट वाटतं त्याचं. या वेळी बादली तशीच ठेवली. दहा-बारा दिवसांनी झाकणाला कान लावला, तर कोरड्या पानांवर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज येत होता. वर हात धरला तर ऊब लागली. मेथीचे देठ, शिळा भात, पपईची सालं, सगळं दिसेनासं होत होतं. या अळ्यांची दाटी असेल तिथे घरमाशी अंडी घालायचं टाळते. बादलीभोवतीच्या नेहमीच्या माश्या कमी झाल्यात, हे माझ्या उशिराच लक्षात आलं.

मला सगळ्यात हलवून गेलं ते पुढचं. मोठेपणी या माशीला खाण्याची गरजच उरत नाही. पाण्याचा थेंब मिळाला तरी पुरे. अळीपणी साठवलेल्या शिदोरीवर ती काही दिवस उडते, उन्हात जोडीदार गाठते, फट शोधते आणि संपते. आपल्या ताटावर बसायचं तिला कारणच नाही. आणि ही शिदोरी तरी कुणाची? आपणच टाकलेल्या देठांची. असल्या जिवावर आपण फवारा मारतो, ते मला आता बघवत नाही.

पूर्ण वाढलेली अळी तपकिरी-काळी होते, खाणं सोडते आणि कोश करायला कोरडा अंधार शोधत बादलीबाहेर चढते. परवा सकाळी पायपुसण्याखाली अशा चाळीसेक सापडल्या. मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि खाली बसून एक अळी तळहातावर घेतली.

"चावत नाही ना?"

"नाही."

"मग डबा द्या एखादा. आमच्या कोंबड्या सोडणार नाहीत हे."

लोणच्याची रिकामी बरणी दिली. निम्म्या त्यांनी नेल्या. उरलेल्या मी कुंड्यांमागे, वाळलेल्या पानांत सोडल्या.