पंख फुटलेला बैल



पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. आज माझीच एक ठेच तुम्हाला सांगते. शहाणपण तुमच्या पदरात पडलं तरी पुष्कळ झालं.

मागं एका साली पाऊस रुसला. कडबा संपला, विकतचा परवडेना. मुलानं मन घट्ट करून बैलजोडी बाजारात विकली. दावणीला एक गाय तेवढी उरली. माझा नातू तेव्हा दुसरीत होता. सर्जाच्या गळ्यात पडल्याशिवाय हे पोर शाळेला जात नसे. जोडी गेली त्या दिवशी घरात कुणीच कुणाशी बोललं नाही. पोराशी बोलायचं तर कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

चार दिवसांनी त्यानं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एक चित्र काढलं. कपड्यांची नीळ कालवून रंगवलेला निळा बैल, आणि त्याला दोन पंख! मोठ्या हौसेनं मला दाखवायला आला. मी पडले मास्तरीण. म्हटलं, “बैलाला पंख असतात होय रे? अन् निळा बैल कुठं पाहिलास? नीट काढ बघू.”

पोरानं कागदाची घडी केली आणि दप्तरात कोंबली. त्यानंतर पंधरा दिवस पेन्सिलीला हात लावला नाही. शेवटी सूनबाईच म्हणाली, “आत्याबाई, पोरगं लई गप्प झालंय.” तेव्हा माझे डोळे उघडले. तो बैल काढायला चुकला नव्हता. गेलेला सर्जा परत यायचा तर त्याला पंखच हवेत, एवढं साधं मला कळलं नव्हतं.

तेव्हा मला एक पुस्तक आठवलं. माझ्या भाचीनं शहरातून एक इंग्रजी चित्रपुस्तक आणून त्याचा अर्थ सांगितला होता. ते रचणारा आणि चित्रं काढणारा अमेरिकेतला मॉरिस सेंडॅक. जन्म १९२८ सालचा, आईबाप पोलंडहून तिकडे गेलेले. लहानपणी हा पोर फार आजारी. अंथरुणात पडून खिडकीबाहेर बघायचा आणि चित्रं काढायचा. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’, म्हणजे ‘रानटी प्राणी राहतात तिथे’, हे त्याचं पुस्तक १९६३ साली निघालं. गोष्ट इवलीशी. एक मुलगा घरात धिंगाणा घालतो, आई त्याला उपाशीच झोपायला धाडते. रागावलेल्या मुलाच्या खोलीतच रान उगवतं. होडीत बसून तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होतो, मनसोक्त दंगा करतो. मग घरची आठवण येते. परत येऊन बघतो तर ताट वाढून ठेवलेलं, आणि जेवण अजून निवलेलंही नाही.

हे पुस्तक कसं घडलं तेही ऐका. सेंडॅकच्या मनात आधी रानटी घोड्यांची गोष्ट होती. पण त्याला घोडे काही नीट काढता येईनात! मग घोड्यांच्या जागी कधी कुणी न पाहिलेले प्राणी आले. त्यांचे चेहरे त्याला घरातच सापडले. रविवारी जेवायला येणारे, गालगुच्चे घेणारे, वेड्यावाकड्या दातांचे काका-मावश्या त्याला लहानपणी तसेच भासायचे. आणखी एक गंमत पाहा. सुरुवातीची चित्रं लहान, भोवती कोरी जागा पुष्कळ. मुलाचं मन जसजसं दूर जातं तसतसं चित्र वाढत जातं. ऐन दंग्याच्या जागी तर दोन्ही पानं भरून नुसतं चित्र, अक्षर एकही नाही. परतीच्या वाटेवर चित्रं पुन्हा आवरती होतात. साऱ्या पुस्तकात साडेतीनशेसुद्धा शब्द नाहीत. मुलं भितील म्हणून काही शहाण्यांनी तेव्हा नाकं मुरडली. पण १९६४ साली त्याला चित्रपुस्तकांचा तिथला मोठा मान, कॅल्डेकॉट पदक, मिळाला.

मी नातवाला जवळ घेतलं आणि म्हटलं, “माझं चुकलं बाळा. तो निळा बैल पुढं कुठं गेला?” बराच वेळ पोर बोललं नाही. मग दप्तरातून ती घडी निघाली, आणि गोष्टही निघाली.

आम्ही दोघांनी पुस्तक बांधलं. तुम्हालाही जमेल. ४ कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. घडीवर दाभणानं ३ भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवा. झाली १६ पानं. छापखान्यातही मोठा कागद असाच दुमडून १६ पानांचा फर्मा करतात. दोन फर्मे झाले की ३२ पानं, आणि पुष्कळशी चित्रपुस्तकं तेवढीच असतात. वरून जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा खळीनं चिकटवा. रंगाला हळद, गेरू, काजळी, नीळ घरातच आहेत.

पोरानं सांगायचं, मी त्याच्याच शब्दांत लिहायचं. एका पानावर एकच ओळ. बैलाचे पाय काही त्याला जमेनात. मी हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यानंच तोड काढली. सर्जाला पोटाएवढ्या ज्वारीत उभा केला आणि पाय झाकून टाकले!

गोष्ट अशी झाली: रात्री सर्जा उडत येतो, पोराला पाठीवर घेतो, नव्या मालकाच्या गोठ्यात नेतो. तिथली गव्हाण दाखवतो. पहाटेच्या आत पोराला अंथरुणात आणून सोडतो. शेवटच्या पानावर आमच्या दावणीचा रिकामा खुंटा, बाकी काही नाही.

रात्री जेवणं झाल्यावर त्यानं ते पुस्तक सगळ्यांना वाचून दाखवलं. माझा मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता. जोडी विकल्यापासून सर्जाचं नाव त्यानं काढलं नव्हतं. वाचन संपल्यावर हळूच म्हणाला, “तिथली गव्हाण भरलेली होती ना रे?” पोर म्हणालं, “काठोकाठ, बाबा.”

अशा गोष्टींनी मूल खोटं बोलायला शिकेल, असं काहींना वाटतं. पण खोटं बोलणारा दुसऱ्याला फसवतो. रचणाऱ्याला आपण रचतोय हे पक्कं ठाऊक असतं. सर्जा परत यायचा नाही, हे माझ्या नातवाला कळत होतं, म्हणून तर शेवटी खुंटा रिकामा. मनानं तो तिथवर जाऊन आला आणि त्याचा जीव हलका झाला. अहो, मूठ धरताना आपणही उघड्या रानात कणसं बघतोच की!

तेव्हा उद्या तुमच्या पोरानं हिरवा चंद्र काढला किंवा विहिरीत घर बांधलं, तर “हे काय काढलंस?” असं विचारू नका. “मग पुढं काय झालं?” एवढंच विचारा, आणि हातातलं काम घडीभर बाजूला ठेवून ऐका.