बचत पैशाची की बाईच्या वेळेची?

बी. ए. द्वितीय वर्ष

काटकसरीचा विषय निघाला की बोलणारे आणि लिहिणारे दोघेही गृहिणीकडे बोट दाखवतात. पापड घरी लाटा, तिखट-हळद घरी कुटा, जुन्या लुगड्याची गोधडी शिवा, बाजार उठता उठता भाजी घ्या म्हणजे स्वस्त पडते, असा उपदेश हळदीकुंकवाच्या व्याख्यानापासून दिवाळी अंकापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. उपदेश खोटा नाही. पैसा वाचतो हे खरेच. परंतु वाचकहो, यातल्या प्रत्येक युक्तीत पैशाच्या बदल्यात दुसरे काहीतरी खर्ची पडते आणि ते म्हणजे घरातल्या बाईचा वेळ. तो कोणी मोजत नाही, कारण त्याची पावती मिळत नाही. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकायचे आणि पहिला खिसा नेहमी एकाच माणसाचा असायचा (लुगड्याला खिसा नसतो, हा भाग वेगळा), याला बचत म्हणावे की नाही, याचा विचार व्हायला हवा.

माझा एक विषय गृहअर्थशास्त्र आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे ‘घर चालवण्याचेही पुस्तक असते’ हे ऐकून आजीला फार गंमत वाटली होती. या विषयात शिकवतात की वेळ, शक्ती आणि पैसा ही कुटुंबाची तीन साधने आहेत. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या मिळकतीतला अन्नावर खर्च होणारा वाटा मोठा. हा नियम पाठ करावा लागला नाही. तो आमच्या घरी रोज सिद्ध होतो.

पुढे ‘कार्य सरलीकरण’ येते. अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ यांनी वीट रचणाऱ्या गवंड्याच्या हालचाली मोजल्या आणि अठरा हालचालींचे काम पाचांवर आणले. त्यांच्या पत्नी लिलियन यांनी हीच दृष्टी स्वयंपाकघरात नेली. त्यातून शेगडी, मोरी आणि सामानाची जागा यांचा ‘कामाचा त्रिकोण’ शिकवला जाऊ लागला. हा त्रिकोण जितका लहान तितकी बाईची पावले कमी. कल्पना उत्तमच आहे. पण साखरखेर्ड्यात कित्येक घरांत चूल एका खोलीत, सामान दुसऱ्या खोलीत आणि पाणी गल्लीच्या टोकाला असते. या त्रिकोणाची एक बाजू डोक्यावर हंडा घेऊन चालावी लागते. ती वहीत आखून लहान होत नाही.

आमच्या गावाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच येते. १७२४ साली येथे निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि त्या विजयानंतर गावाला फतेहखेर्डा असेही नाव मिळाले. लढाईतले सरदार कोण, हे आपण परीक्षेत लिहितो. पण त्या दिवसांत गावोगावच्या जात्यांवर किती दळण पडले आणि ते कोणी दळले, याला इतिहासात ओळ नाही. बाईच्या वेळेची नोंद न ठेवण्याची सवय अशी जुनी आहे.

जात्यावरून आठवले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. काम फार मोलाचे आहे आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्या ओव्या वाचाव्यातच. पण जाते गेले म्हणून हळहळणारे लेख वाचले की मला आजीची आठवण होते. तिने तरुणपणी पहाटे तीनला उठून पायल्या दळल्या आहेत. ती म्हणते, “ज्यानं दळलं नाही त्याले ओवी गोड लागते, बाई.” माझ्या मते गावात आलेली पिठाची गिरणी हे बायांच्या वेळेची बचत करणारे पहिले मोठे यंत्र. तिच्यावर कोणी कविता केली नाही हे खरे, पण पहाटेची दोन तासांची झोप तिनेच परत दिली.

आता आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायांचा त्या कामात २०१९ साली दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. २०२४ मध्ये तो २८९ मिनिटे झाला. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली! याच काळात पुरुषांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ वर आला, म्हणजे त्यांनीही नऊ मिनिटे वाचवून घेतली. हे आकडेही जे पुरुष घरकाम करतात त्यांचेच आहेत. २०१९ च्या पाहणीत असे पुरुष शंभरात सव्वीस होते. उरलेल्या चौऱ्याहत्तरांना सरासरीत बसवायचीही गरज पडली नाही.

प्रात्यक्षिकासाठी आम्हाला घरखर्चाची महिनाभराची वही ठेवायची होती. मी तिच्यात जास्तीचे दोन रकाने आखले : ‘किती वेळ लागला’ आणि ‘कोणी केले’. महिना उन्हाळ्याचा होता, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात पापड आले. आई, काकू आणि मी अशा तिघींनी दीड दिवस, म्हणजे प्रत्येकी बारा तास, उडदाचे पापड लाटले. विकतच्या भावाशी ताडून पाहता सुमारे तीनशे रुपये वाचले. छत्तीस तासांत तीनशे, म्हणजे तासाला आठ रुपये आणि काही पैसे. निंदणाला गेलेल्या बाईला आमच्याकडे यापेक्षा कितीतरी जास्त पडतात. मी हा हिशेब आईला वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, “उन्हाळ्यात निंदन देतं कोन?”

यात सगळे अर्थशास्त्र आले. वेळेची किंमत बारा महिने सारखी नसते. शेतात काम नसताना तासाला आठ रुपयेही पदरात पडलेले बरे, आणि सोयाबीनच्या सोंगणीत घरी पापड लाटत बसणे म्हणजे नुकसान. आई हे न शिकता जाणते. शिवाय तिघी एकत्र बसल्या की पापडाबरोबर वर्षभराचे बोलणेही लाटून होते. ते मी कोणत्या रकान्यात लिहू? सगळेच हिशेबात बसवू नये. तरीही एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन हेच पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले. पीठ तेच, पोळपाट तोच. फरक एवढाच, की तिथे लाटलेल्या पापडाचे वजन करून त्याची मजुरी हातात पडते. घरात लाटला की तो ‘आवड’ होतो.

पैशाच्या बाजूलाही एक खोच आहे. पुस्तक म्हणते, धान्य हंगामात एकदम भरून ठेवा, स्वस्त पडते. खरे आहे. पण ज्या घरात पैसा रोजीने येतो, तिथे खर्चही पुडीनेच होतो. चहाची पुडी, तेलाची पिशवी, पावशेर डाळ. महिन्याअखेर बेरीज केली तर गरिबाने श्रीमंतापेक्षा महाग चहा प्यालेला असतो. हा त्याचा आळस नव्हे की अडाणीपणा नव्हे. फाल्गुन-चैत्रात गहू-तूर घरात येईल एवढी रक्कम त्याच्याजवळ एका वेळी कधी नसते. इथे बचत गटाचा खरा उपयोग होऊ शकतो. गावोगाव गट आहेत, दर महिन्याला वर्गणी जमते, आपसात कर्जही दिले जाते. बहुतेक कर्ज दवाखाना, लग्न आणि पेरणीला जाते. त्याला इलाज नाही. पण दहा-पंधरा घरांची वर्षाची तूरडाळ गटाने हंगामात एकदम घेतली आणि ज्यांनी-त्यांनी महिन्याने पैसे फेडले, तर पुडीचा फटका वाचेल आणि रोज दुकानी जाणेही. पैसा आणि वेळ दोन्ही एकदम वाचवणाऱ्या युक्त्या फार थोड्या असतात. ही त्यातली एक आहे, म्हणून लांबण लावली.

सरपणाचे थोडक्यात सांगते. पाण्याला उकळी फुटल्यावर जाळ वाढवून काही मिळत नाही, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून तापत नाही, फक्त वाफ होऊन उडते. तेव्हा उकळी आली की आच मंद करावी आणि झाकण ठेवावे. डाळ आधी भिजवावी. भात अर्धा शिजल्यावर भांडे उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवला तरी आपोआप मुरतो. आजी गोवरीच्या विस्तवावर दूध तासन् तास ठेवते तेही याच शास्त्राने. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, शेगडी घरोघरी दिसू लागली, परंतु सिलिंडर संपला की चूल पुन्हा पेटतेच. एप्रिल २०२५ मध्ये तो एकदम पन्नास रुपयांनी वाढला तेव्हा आमच्या गल्लीत अंघोळीचे पाणी पुन्हा तुराट्यांवर तापू लागले. गॅस वाचला आणि तुराट्या गोळा करायचा वेळ पुन्हा आईच्या वाट्याला आला. हेही बचतीतच लिहिले जाते.

पण माझे खरे भांडण स्वयंपाकघराशी नाहीच. बाईचा सगळ्यात जास्त वेळ उंबऱ्याबाहेर, वाट पाहण्यात जातो. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायांना अर्धे तिकीट झाले. फार चांगले झाले. मेहकर-चिखलीला दवाखान्यात जायचे तर आई आता जीपमध्ये बसत नाही, पाऊणतास फाट्यावर उभी राहते पण एस. टी. नेच जाते. तिकिटाचे अर्धे पैसे ती पाऊण तासाला विकते, आणि तिला तो सौदा परवडतो. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये सुरू झाले, तेही कामास आले. मग २०२५ मध्ये ई-केवायसी आली. आमच्या शेजारच्या मावशींचे त्यासाठी दोन रोज बुडाले, कारण पहिल्या दिवशी मोबाईलवर आकडा आलाच नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत बऱ्याचदा रांगेत मोजावी लागते आणि रांगेत कोण उभे राहते ते पाहावे.

आणि शेवटी पाणी. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. २०२४ पर्यंत घरोघर नळ देण्याचे ठरले होते, ती मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. नळ येईल तेव्हा येवो. माझी मागणी त्याहून लहान आहे. आज आमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येईल हे आधी कळत नाही. म्हणून ज्या दिवशी ‘येईल बहुतेक’ असे वाटते त्या दिवशी घरातले कोणीतरी थांबते. आई थांबली तर मजुरी बुडते, म्हणून बहुधा मी थांबते. भावाला थांबायला कोणी सांगत नाही. त्यालाही ते विचित्र वाटत नाही. माझ्या वहीत त्या महिन्यात पाण्यापायी गेलेले पाच दिवस आहेत आणि पाचही दिवसांपुढे ‘कोणी केले’च्या रकान्यात माझेच नाव आहे. त्यांतल्या दोन दिवशी पाणी आलेच नाही.

पाणी वाढवायला धरण लागते, पाऊस लागतो, निधी लागतो. वेळ आधी सांगायला एक फळा आणि खडू पुरेल. चौकात लावावा, आदल्या संध्याकाळी लिहावे : उद्या अमुक गल्ली, अमुक वाजता. नाही येणार तर तेही लिहावे. आमच्या परीक्षा उन्हाळ्यात आणि पाण्याची ओढही तेव्हाच. आमच्या वर्गातल्या निदान सहा मुली माझ्यासारख्याच नळापाशी पुस्तक घेऊन बसतात. फळ्याची ही गोष्ट मी वडिलांना सांगितली. ते वही चाळत होते. ‘कोणी केले’च्या रकान्यात त्यांना स्वतःचे नाव तीनदा सापडले, तिन्ही वेळा सिलिंडर किंवा दळण आणल्याचे. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात पाण्याच्या दिवशी ते घरी थांबले आणि मी अकराच्या तासाला वर्गात होते.