राष्ट्राभिमान आणि मतदारांची यादी

राष्ट्राभिमान हा शब्द फार स्वस्त झाला आहे. निवडणुकीनंतरच्या मिरवणुकी, पताका व जयघोष यांसच पुष्कळ लोक राष्ट्राभिमान समजतात. परंतु मिरवणूक संपली म्हणजे जो ओसरतो, तो अभिमान खरा नव्हे. आपल्या राष्ट्राच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचा इतिहास या बाबतींत फार बोधप्रद आहे.

त्या निवडणुकीचें मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजीं हिमाचल प्रदेशांतील चिनी या डोंगरी भागांत सुरू झालें; बर्फानें वाटा बंद होण्यापूर्वीं तेथील लोकांचीं मतें घेणें अवश्य होतें. १९५२ च्या फेब्रुवारींत तें कार्य संपलें. मतदारांची संख्या १७ कोटींहून अधिक होती. त्या वेळीं शेंकडा सुमारें १८ लोकांसच लिहितांवाचतां येत असे. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तीवर त्याचें चिन्ह लाविलें होतें. निरक्षरांच्या हातीं राज्य देणें हा वेडेपणा होय, असें म्हणणाऱ्या शहाण्यांची तेव्हां उणीव नव्हती. रांगेंत शांतपणें उभे राहिलेल्या शेतकऱ्यांनीं व मजुरांनीं त्यांस परस्पर उत्तर दिलें.

हें वाचून छाती फुगणें साहजिक आहे. परंतु याच इतिहासांत दुसराही एक आंकडा आहे. याद्या तयार होत असतां, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, लक्षावधि स्त्रियांनीं स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढीच ओळख त्यांनीं दिली. मुख्य निवडणूक आयुक्त श्री. सुकुमार सेन यांनीं अशी नोंद मान्य केली नाहीं. अखेर सुमारें २८ लाख स्त्रिया यादींतून वगळल्या गेल्या.

कोणी म्हणेल, अपराध रूढीचा आणि शिक्षा मात्र त्या गरीब स्त्रियांस! हा आक्षेप खोटा नाहीं. तरी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९३५ च्या कायद्यानें कांहीं स्त्रियांस मताचा अधिकार मिळाला होता तो पतीच्या मिळकतीमुळें, म्हणजे ‘अमक्याची बायको’ म्हणूनच. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें तो अधिकार प्रत्येक प्रौढ माणसास दिला. मत जर तिचें, तर नांवही तिचेंच असलें पाहिजे. ‘बाई, तुझें नांव काय?’ असें राष्ट्रानें तिला बहुधा प्रथमच विचारलें. आम्हांस अभिमान वाटतो तो या प्रश्नाचा. लाज वाटते ती उत्तर न मिळाल्याची. या दोन्ही भावना एकाच अंतःकरणांत नांदल्या पाहिजेत.

उत्तरेकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊं नये. लग्नाच्या दिवशीं ताटांतील तांदळांवर वधूचें नवें नांव लिहावयाचें व आईबापांनीं ठेविलेलें नांव पुसून टाकावयाचें, ही चाल आपल्याच घरांतली. मेंढपाळ आपल्या प्रत्येक मेंढरास नांवानें हाक मारतो, हा दृष्टांत आम्हीं शाळेंतील प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. मतदारांची यादी हीही तशीच एक हाक आहे. १९८९ पासून मतदानाचें वय २१ ऐवजीं १८ झालें असल्यामुळें आमच्यापैकीं वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ती लवकरच येईल.

तत्पूर्वीं प्रत्येकानें एक लहानसें काम करावें. घरीं जाऊन आपल्या पणजीचें नांव विचारावें. सासरचें नव्हे, माहेरचें. ज्या घरांत तें कोणासही सांगतां येणार नाहीं, त्या घरानें विजयाची पताका उभारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.