विश्लेषण : घरचा स्विमिंग पूल ठेवायचा की बुजवायचा? काय सांगते पाणी, वीज आणि पावसाळ्याचे गणित?

लोणावळा, कर्जत, अलिबागपासून गोव्यापर्यंत बंगल्याच्या अंगणातला स्विमिंग पूल आता नवलाईचा राहिलेला नाही. पण मुले लहान असताना हौसेने बांधलेला हा तलाव, मुले शिकायला परगावी गेली की नुसताच सांभाळावा लागतो. त्यात दर उन्हाळ्यात टँकरचा खर्च. मग घरात एकदा तरी विषय निघतोच : ठेवायचा की बुजवायचा?

हा फक्त घरचाच प्रश्न आहे का?

आता तसे राहिलेले नाही. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईने हैराण झालेल्या बेंगळूरुत जलतरण तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी आली; मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पेनच्या कॅटालोनियात दुष्काळी आणीबाणी जाहीर झाली आणि खासगी तलाव भरण्यावर निर्बंध आले. अमेरिकेत लास वेगास परिसरातील क्लार्क काउंटीने सप्टेंबर २०२२ पासून घरगुती नव्या तलावांना ६०० चौरस फुटांची मर्यादा घातली. महाराष्ट्रालाही हे नवीन नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवण्यास सांगितले होते. टंचाई आली की पहिली कात्री चैनीच्या पाण्याला लागते.

तलावाला पाणी किती लागते?

आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५ हजार लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा निकष धरला, तर चौघांच्या कुटुंबाला हे पाणी ८३ दिवस पुरेल.

पण खरा खर्च पुढे आहे. तलाव एकदा भरून भागत नाही. उन्हाने आणि वाऱ्याने रोज सहा मिलिमीटर पाणी उडाले, तरी १९० लिटर गेले. ऑक्टोबर ते मे या आठ कोरड्या महिन्यांचा हिशेब केला तर साधारण आणखी एक तलाव भरेल इतके पाणी वाफ होऊन जाते. फिल्टर धुण्याचे पाणी वेगळेच. वापर नसताना तलाव झाकून ठेवला, तर वरून भरावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी वाचू शकते.

विजेचेही तसेच. एक अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास चालला तर महिन्याला सुमारे १३५ युनिट होतात. घरगुती वीजदर टप्प्यांचे असल्याने हे युनिट अनेकदा वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात.

मग पाणी काढून तसाच ठेवला तर?

बहुतेक घरांत हेच होते आणि हाच सर्वांत वाईट पर्याय आहे. पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर येते. कोकण आणि गोव्यात ती काही फुटांवरच असू शकते. रिकाम्या तलावाखालचे हे पाणी त्याला वर ढकलते. तळाला तडे जातात, कधी अख्खा सांगाडा उचलला जातो. शिवाय तळाशी साचलेल्या पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतात. कुंपण नसेल, तर लहान मुलांसाठी हा खड्डा जीवघेणा ठरतो.

बुजवायचा तर कसा?

नुसती माती लोटून नाही. तळाला भोके पाडली नाहीत तर आत पाणी साचून अंगणात दलदल होते. त्यामुळे आधी तळाला भोके, मग भिंतींचा वरचा भाग तोडून राडारोडा आणि मुरूम थराथराने दाबून भरायचा. यात खर्च कमी, पण त्या जागेवर पुढे बांधकाम करणे जोखमीचे. तिथे खोली बांधायची असेल, तर सगळे काँक्रीट उखडून काढावे लागते.

तिसरा पर्याय आहे का?

आहे. तलावाची पावसाच्या पाण्याची टाकी करता येते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवरचे ८० टक्के पाणी धरले तरी ५६ हजार लिटर होतात. म्हणजे आपला तलाव भरून उरेल. बाग आणि फ्लशसाठी हे पाणी चालते. मात्र वर स्लॅब हवा, प्रकाश आणि डास आत जाता कामा नयेत. स्लॅबचा भार भिंती पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आधी तपासून घ्यावे.

निर्णय कसा घ्यायचा?

गेल्या वर्षी किती दिवस कोणी पोहले, ते कॅलेंडरवर मोजा. आठवड्यातून दोन-तीनदा वापर असेल, घरात सांधेदुखीमुळे पाण्यात व्यायाम करणारे कोणी असेल किंवा बंगला भाड्याने जात असेल, तर तलाव ठेवा. पण झाकण आणि कुंपणासकट. वर्षात चार-सहाच दिवस निघाले, तर टाकी करा किंवा नीट बुजवा. ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत तसाच सोडू नका. आणि जे काही करायचे, ते पहिल्या पावसाच्या आधी उरका.