पहाटेचा गारठा आणि टॉर्चचं बटण

बर्फाळ नदीत गळ टाकणाऱ्या हौशी लोकांसाठी बॅटरीवर तापणारे हातमोजे मिळतात. लिथियम बॅटरी थंडीत मंदावते, ० अंशाखाली चार्ज केली तर खराब होते. डिझाइनवाले याचा हिशेब ठेवतात. छानच! पण आमच्या जठारपेठेला पाणी देणाऱ्या महानच्या काटेपूर्णा धरणात हिवाळ्यात पहाटे जाळं ओढणाऱ्याचं काय? इथला १०-१२ अंशांचा गारठा बॅटरी सहज सोसते. टॉर्च बिघडतो तो आत पाणी शिरून. बधिर, ओल्या बोटांनी दाबता येईल असं मोठं बटण, पाण्यात पडला तर तरंगणारा, गावात मिळणाऱ्या सेलवर चालणारा डोक्याचा टॉर्च... एवढंच तर हवंय. त्यासाठी डिझाइन करणाऱ्याने एखाद्या पहाटे त्याच्या डोंग्यात बसावं, असं मला वाटतं.