व्यवसायाचा रकाना

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर १९९६ सालचा एक केसपेपर आला. रुग्ण स्त्री, वय चाळिशीचे, दोन्ही हातांवर वारंवार चिघळणारा त्वचारोग, अधूनमधून जुलाब. व्यवसायाच्या रकान्यात मी 'घरकाम' असे लिहिले होते. ही बाई पहाटे कोरड्या शौचालयांतील मैला टोपलीत भरून डोक्यावरून वाहून नेत असे, हे मला दोन वर्षांनी तिच्या मुलाकडून कळले. तोवर मी मलमे बदलत राहिलो होतो. या कामास बंदी घालणारा कायदा संसदेने १९९३ सालीच केला होता!

उज्जैनपासून सुमारे ४० किलोमीटरवरील देवास येथे २००० साली सुरू झालेल्या 'जन साहस' या संस्थेने हाच प्रश्न हाती घेतला. तिच्या पुढाकाराने चाललेल्या 'राष्ट्रीय गरिमा अभियाना'ची 'मैला मुक्ती यात्रा' ३० नोव्हेंबर २०१२ रोजी भोपाळहून निघाली आणि १८ राज्यांतील २०० जिल्ह्यांतून फिरून ६३ दिवसांनी, ३१ जानेवारी २०१३ रोजी दिल्लीस पोहोचली. टोपली कायमची टाकून दिलेल्या स्त्रिया तीत सहभागी होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या तत्कालीन मानवाधिकार उच्चायुक्त नवनीतम पिल्लै यांनी या यात्रेचे जाहीर अभिनंदन केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवा, अधिक कडक कायदा झाला. देवासची गोष्ट जिनिव्हात ऐकू गेली. उज्जैनच्या माझ्या दवाखान्यात मात्र ती समोर बसूनही ऐकू आली नव्हती.

आपल्या मंडळींत यावर एक आक्षेप हमखास निघतो : घरची उणीदुणी वेशीवर का टांगावीत? आक्षेप नवा नाही. आपल्याच माळव्यात, महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची कैफियत मांडली, तेव्हा त्यांनाही देशद्रोहाची दूषणे ऐकावी लागली. २००१ साली दरबान येथील वंशवादविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला. जात म्हणजे वंश नव्हे, अशी आपल्या सरकारची भूमिका होती. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातिभेदही येतो, असे स्पष्ट केले. परदेशातील टाळ्यांविषयी मलाही थोडी धास्ती वाटते. तेथे माणसाचे छायाचित्र होते आणि छायाचित्राचा अहवाल होतो. तरीही घरातल्यांनी कान झाकून घेतल्यावर पीडिताने वेशीबाहेर जाऊन हाक मारली, तर दोष त्याच्या आवाजाला कसा द्यावा?

आणि हा विषय केवळ समाजशास्त्राचा आहे, असे आपण डॉक्टरांनी तरी म्हणू नये. गटारातील हायड्रोजन सल्फाइड वायूचे प्रमाण वाढले की प्रथम वास घेण्याची शक्तीच लोपते. धोका टळला असे उतरणाऱ्यास वाटते आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तेथेच कोसळतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. ही रक्कम मृत्यूनंतरची आहे. धनुर्वात व हेपॅटायटिस बी यांच्या लशी, त्वचेची तपासणी, लेप्टोस्पायरोसिसची वेळीच शंका घेणे, हे सारे त्याआधीचे काम. ते आपल्या हाती आहे आणि त्यासाठी जिनिव्हाला जावे लागत नाही.

माझ्या केसपेपरवर आता व्यवसायाच्या रकान्याखाली आणखी एक ओळ छापलेली आहे : 'प्रत्यक्ष काम कोणते?' उत्तर द्यायला पुष्कळजण संकोचतात; खुर्ची जवळ ओढून पुन्हा विचारावे लागते.

आपल्या संस्थेचे मधुमेह तपासणी शिबिर दरवर्षी सभागृहात भरते व आपलीच ओळखीची मंडळी येऊन रक्तशर्करा तपासून जातात. यंदा ते सफाई कामगारांच्या वस्तीत, पहाटेची पाळी सुटल्यावर घ्यावे आणि सोबत लशीही न्याव्यात, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. तारीख अद्याप ठरावयाची आहे.