सापाचा उंदीर आणि आपला ओटा

ब्रिटनमध्ये २०१५ पासून साल्मोनेलाच्या एका विशिष्ट प्रकाराचे रुग्ण सापडत राहिले. २०२१ पर्यंत ही संख्या साडेआठशेच्या आसपास गेली आणि त्यात लहान मुले बरीच होती. अंडी आणि कोंबडी हे नेहमीचे संशयित. पण माग लागला तो पाळीव सापांना घालण्यासाठी लिथुआनियातून येणाऱ्या गोठवलेल्या उंदरांपर्यंत. अमेरिकेतही २०१४ मध्ये अशाच उंदरांमुळे २१ राज्यांत ४१ जण आजारी पडले होते.

गोठवलेला म्हणजे निर्जंतुक, हा समज इथे नडतो. फ्रीझरमधल्या थंडीत साल्मोनेला मरत नाही, त्याची वाढ फक्त थांबते. शिवाय बॉल पायथॉनसारख्या सापाच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे थंडगार उंदराकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. म्हणून उंदीर शरीराच्या तापमानाइतका, म्हणजे ३७-३८ अंशांपर्यंत कोमट करावा लागतो. नेमके हेच तापमान साल्मोनेलालाही सर्वांत जास्त मानवते. हे सगळे चालते कुठे? बहुतेक घरांत स्वयंपाकघरात, जिथे थोड्या वेळाने कोशिंबीर चिरली जाणार असते.

म्हणून जिवंत उंदीर सोडावा, असे कोणी म्हणेल. तेही बरे नव्हे. कोंडलेला उंदीर सापालाच चावतो, आणि जंतू त्याच्या पोटातही असू शकतात. गोठवलेलाच ठीक, पण त्याची जागा स्वयंपाकघराबाहेर हवी. त्याला वेगळा लहान फ्रीज असावा. ते अगदीच अशक्य असेल, तर घट्ट झाकणाचा, खूण केलेला डबा तरी असावा. उंदीर बंद पिशवीतच वितळू द्यावा आणि मग ती पिशवी याच कामासाठी ठेवलेल्या भांड्यात, कोमट पाण्यात ठेवावी. पाणी संडासात ओतावे, भांडी घासायच्या सिंकमध्ये नव्हे. चिमटा वेगळा ठेवावा. सापाने न खाल्लेला उंदीर पुन्हा गोठवू नये, टाकून द्यावा. मायक्रोवेव्हचे तर नावही काढू नये. त्यात उंदीर बाहेरून शिजतो, आतून गार राहतो आणि कधी कधी फुटतो. त्याच मायक्रोवेव्हमध्ये मग बाळाचे दूध गरम होते.

उंदीर स्वच्छ मिळाला तरी साप उरतोच. धडधाकट दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही साल्मोनेला असतो आणि विष्ठेतून बाहेर पडत राहतो. त्यामुळे सापाला, त्याच्या पेटीला किंवा पाण्याच्या भांड्याला हात लागला की साबणाने हात धुणे आलेच. पाच वर्षांखालचे मूल घरात असेल, तर साप पाळण्याची हौस काही वर्षे पुढे ढकलावी, हे सांगायला डॉक्टरांनी संकोचू नये.

हा परदेशातला प्रश्न आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडचे साप घरात ठेवायला वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, पण परदेशी अजगर शहरांतल्या फ्लॅटमध्ये पोहोचले आहेत. दवाखान्यात मात्र जुलाबाच्या रुग्णाला पाणी, पाणीपुरी आणि लग्नातले जेवण एवढेच विचारले जाते. घरी काय पाळले आहे, हे कोण विचारतो?

एरवी निरोगी असलेली मोठी माणसे बहुधा आठवडाभरात ओआरएसवर बरी होतात. त्यांना प्रतिजैविकांची गरज सहसा नसते. तान्ह्या मुलांत, वृद्धांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत मात्र जंतू रक्तात उतरू शकतो. म्हणून मुलाला ताप आणि रक्त पडणारे जुलाब असतील, तर घरात साप असल्याचे पालकांनी आपणहून सांगावे आणि प्रतिजैविक सुरू होण्याआधी शौचाचे कल्चर करून घ्यावे. साप विनापरवाना असला तरी सांगावे. डॉक्टरांना तपासायचे असते ते मूल, परवाना नव्हे.